हातभर अंतराचा चष्मा

आमचे हे आयुष्यात माझ्याशी एकदाच खोटं बोलले, आणि तेही त्यांना धड जमलं नाही. पिस्तुलाला खोबरेल लावून पुसता पुसता ते म्हणाले, "माशी झिजली गं हिची. आता काय पहिल्यासारखी ऱ्हायली न्हाई." माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा इवलासा उंचवटा, ज्याच्यावरून नेम धरतात. मी ओले हात पदराला पुसले, पुढं झाले आणि त्या माशीवरून बोट फिरवलं. ती चांगली टोचली. वीस वर्षं ती वस्तू माझ्या घरात होती आणि पहिल्या दिवशी होती तेवढीच टोकदार होती. गेल्या वर्षीच्या चांदमारीत ह्यांच्या तीन गोळ्या का चुकल्या असतील, याचा अंदाज मला त्या दिवशी आला.

ह्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. जन्मभर उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, आता म्हातारपणी कागदावर कशाला घेऊ? भोर संस्थानच्या पोलिसांत हे जमादार होते, एवढं सांगितलं की पुरे. गाव वेल्ह्याकडचं, पासली. घरी भातखाचरं, डोक्यावर डोंगर. अठराव्या वर्षी चालत भोरला आले आणि शिपाई झाले. मी वरवे बुद्रुकची, चौथीपर्यंत शिकलेली, आणि त्या चार इयत्तांचा मला फार तोरा होता. ह्यांना सहीपुरतं येत होतं. पण मला जे येत होतं ते वाचायला पुस्तक लागे, ह्यांना जे येत होतं ते बघायला माणसं नदीकाठी जमत.

मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नीरेच्या अल्याड आम्ही बायका धुणं धूत होतो आणि पल्याड, डोंगराच्या पोटाशी, चांदमारी चालली होती. लाकडी चौकटीवर कागद, कागदावर काळा गोल. त्या गोलाला सगळे चांद म्हणत. ह्यांनी डावा हात पाठीशी घेतला आणि उजवा सरळ समोर धरला. मग हे स्थिर झाले. स्थिर म्हणजे किती, ते मला अजून नीट सांगता येत नाही. वाऱ्यानं सदऱ्याची बाही हलत होती, आत माणूस हलत नव्हता. माझ्या हातातलं लुगडं वाहून चाललं तरी मला कळलं नाही, शेजारणीनं धरलं आणि वर टोमणाही मारला, "नवरा बघायचा तर घरी बघ की!" सहाच्या सहा गोळ्या काळ्यात. घरी जो माणूस कढीत मीठ कमी असलं तरी बोलायला लाजे, तोच हा, हे मला खरंच वाटेना. त्या दिवसापासून मी त्या हाताला थोडी भिऊनच असे. भीती म्हणजे धाक नव्हे. देवळात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तशी.

आता चांदमारीची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. नवरात्रात अष्टमीला चांदमारी होई आणि दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीला, शस्त्रांची पूजा. ज्याचं हत्यार त्यानं स्वतःच्या हातानं पूजेत मांडायचं, झेंडूची फुलं वाहायची, आणि पूजा झाली की स्वतःच्याच हातानं उचलायचं. पण चांदमारीच्या कसाला जो उतरला नाही, त्यानं हत्यार मांडायचं तेवढं, उचलायचं नाही. ते दुसरा उचले. कुणी काही बोलत नसे, हुकूम वाचून दाखवत नसे. एकानं मांडलं, दुसऱ्यानं उचललं, संपलं. सहातल्या चार गोळ्या काळ्यात लागायच्या, असा नियम होता. गेल्या साली ह्यांच्या तीनच लागल्या. साहेब भला माणूस. "जमादारांची नोकरी बघून यंदा सोडतो, पुढच्या वर्षी बघू," म्हणाला. ह्यांना ती दया गोळीपेक्षा जास्त लागली.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. ह्यांनी पन्नाशी ओलांडली होती. ह्यांच्या नंतरचा नाईक तिशीचा, गुणी, ह्यांनीच शिकवून तयार केलेला. पिस्तूल त्याच्याकडे गेलं असतं तर संस्थानचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं असतं ते ह्यांचं. वीस वर्षं हा माणूस स्वतःला त्या एका गोष्टीवरून ओळखत होता. शेती भावाकडे, मूलबाळ झालं नाही, लिहिणं-वाचणं नाही. ते पिस्तूल दुसऱ्यानं उचललं असतं, तर त्यानंतर सकाळी उठून ह्यांनी काय करायचं, हे मला दिसत नव्हतं.

माशी झिजल्याचं ऐकल्यापासून मी पाळतीवरच राहिले. पोलीस लाईनीत कुणाच्याही पायात काटा मोडला की सगळे ह्यांच्याकडे येत. सुईनं असा अलगद काढत की रक्तही येत नसे. आता आलेल्या माणसाला हे माझ्याकडे धाडायचे. "तुजा हात हलका हाय," म्हणायचे. माझा हात हलका! माझ्या हातून काटा काढून घेतलेली माणसं दोन दिवस लंगडायची. चुन्याची डबी उघडताना हात लांब करून बघायचे. ताटात माशाचा काटा राहिला तर दिसायचा नाही, पण पलीकडच्या डोंगरावर गुरं कुणाची चरताहेत ते ओळखायचे. म्हणजे लांबचं शाबूत होतं, जवळचं गेलं होतं. त्याला आमच्याकडे सरळ शब्द आहे, चाळिशी लागली. चाळिशीतच लागली होती, दहा वर्षं हे लपवत होते एवढंच.

मी म्हटलं, "चष्मा घ्या."

"जमादाराच्या नाकावर चष्मा? मला काय कचेरीत कारकून बशिवलाय?"

"कारकुनाला दिसतं तरी."

दोन दिवस जेवणापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी बाजारातून आले ते टोपीत काहीतरी लपवूनच. भोरात तेव्हा एक म्हातारे मुसलमान गृहस्थ घड्याळं दुरुस्त करत आणि तिथंच चष्मेही विकत. सगळं गाव त्यांना चाचा म्हणे. पत्र्याच्या पेटीत तयार चष्मे रांगेनं मांडलेले. गिऱ्हाईक बहुतेक खेड्यातलं, अक्षर न ओळखणारं. त्याला पाटीवरचे शब्द वाचायला लावून काय उपयोग? म्हणून चाचांनी दुकानात एक सूप ठेवलं होतं, त्यात वेल्ह्याकडचे तांदूळ आणि तांदळात थोडे पांढरे खडे. गिऱ्हाइकानं मांडी घालायची, सूप मांडीवर घ्यायचं आणि चाचा एकामागून एक चष्मे चढवतील तसं खडा दिसतो का सांगायचं. ज्या चष्म्यातून खडा आणि तांदूळ लख्ख वेगळे दिसले, तो तुमचा. सगळ्या मुलखाचे चष्मे असे तांदळावर ठरत, आणि कुणाची तक्रार नसे. ह्यांचाही तसाच ठरला.

तो घालून ह्यांनी अंगणात पिस्तूल धरलं. रिकामं, अर्थात. बराच वेळ धरलं. मग चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घे, तांदूळ निवडायला व्हईल तुला."

"दिसलं नाही का?"

"न्हाई दिसत. माशीबी न्हाई आन् चांदबी न्हाई. आता डोळंच गेलं म्हनायचं." ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. दिवसा निजणारा माणूस नव्हता तो. अष्टमीला महिना राहिला होता.

मला आधी रागच आला, चाचांचा. मग ह्यांचा. मग उरलेला राग घेऊन मी तांदूळ निवडायला बसले आणि तो चष्मा डोळ्यांवर चढवला. माझेही डोळे तोवर काही कोवळे राहिले नव्हते. आणि काय सांगू! तांदळाचा एकेक दाणा उठून उभा राहिला. दाण्याच्या टोकाला जो पिवळसर ठिपका असतो, तो मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मी मूठभर तांदूळ उगीचच या हातातून त्या हातात घेतले. एवढी मोठी नवलाई पत्र्याच्या पेटीत पडून असते आणि आपण तिच्यापासून लाजतो, असं मनात आलं.

तेवढ्यात चुलीवर दूध वर आलं. मी मान वर करून बघितलं तर चूल धूसर, पातेलं धूसर. सूप हातात घेऊनच उठले, तर सूप जरा दूर जाताच तांदूळही पुसले. पुन्हा जवळ घेतलं, आले. हात लांब केला, गेले. दूध उतू गेलं, ते जाऊ दिलं. मी त्या खोलीत उभी राहून सूप पुढं-मागं करत होते, आणि मला एकदम समजलं की चष्मा खोटा नाही. हा मांडीचा चष्मा आहे. मांडीवरच्या सुपाएवढ्या अंतरावरचं दाखवतो, पुढचं नाही. आणि ह्यांची माशी मांडीवर नव्हती, ती हाताच्या टोकाला होती. पिस्तूल हातभर लांब धरणाऱ्या माणसाला आम्ही तांदूळ निवडायचा चष्मा दिला होता!

ह्यांना उठवलं. "उभे राहा. पिस्तूल धरा."

"कशाला आता?"

"धरा म्हणते ना."

माझा आवाज तसा असला की हे वाद घालत नसत. उभे राहिले, हात सरळ केला. मी गोधडी शिवायचा दोरा घेतला, एक टोक ह्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी धरलं आणि दुसरं माशीपर्यंत नेऊन तिथं गाठ मारली. तो दोरा बोटाला गुंडाळून दुसऱ्या दिवशी मी एकटीच चाचांकडे गेले. ह्यांनी यायचं नाकारलं. एकदा झालेली फजिती पुरे, म्हणाले.

चाचा डोळ्याला भिंग लावून घड्याळात वाकले होते. मी दोरा पुढं ठेवला. "एवढ्या लांबीचं बघायचा चष्मा द्या."

त्यांनी भिंग काढलं, दोरा उचलला, हात लांब करून ताणला. मग मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी कपाळावर हात मारला.

"चूक माझी, वैनी. माझं हे भिंग चार बोटांवर बघतंय, त्याच्या पल्याड आंधळं हाय. पन्नास वरसं ते डोळ्याला लावतोय, आन् माझ्या ध्यानात आलं न्हाई की जमादारांचं तांदूळ लांब हायेत." मग त्यांनी विचारलं, "तुमाला ठावं हाय का, डोळा एका वक्ती एकाच जागी बघतो?"

मी म्हटलं, "असं कसं? मला हा दोराही दिसतो आणि दारही दिसतं."

"बोट धरा डोळ्यापुढं. बोटाकडं बघा. आता दार कसं दिसतंय?"

मी बोट धरलं. माझ्या डोळ्यांनाही आता ते जमायला जड जात होतं, पण बोट जरा लांब नेल्यावर दिसलं. बोटाकडे बघितलं की दार विरघळे, दाराकडे बघितलं की बोट. जन्मभर ते तसंच होत होतं आणि मी कधी पाहिलंच नव्हतं.

"तरणेपणी डोळा इतक्या भराभरा जागा बदलतो की आपल्याला वाटतं, सगळं एकदमच दिसतंय," चाचा म्हणाले. "उमर झाली की तो दमतो. एक जागा धरून बसतो. मग आपुन म्हनतो, डोळं गेलं. गेलं न्हाईत, वैनी. नुसतं पळायचं थांबलं."

मी त्या दुकानात किती वेळ बसले देव जाणे. आपल्या कपाळाखाली इतकं काही चाललेलं असतं, न सांगता, न थकता, चाळीस वर्षं, आणि आपल्याला पत्ता नसतो! मला गलबलून आलं. चाचांनी बिचाऱ्यांनी पाणी दिलं. नंतर दोऱ्याच्या टोकाला तांदळाचा दाणा ठेवून त्यांनी एकेक चष्मा मला घालून बघितला. माझेही डोळे ह्यांच्यासारखेच दमलेले, त्यामुळे ते चाललं. जो ठरला तो पेटीच्या अगदी पहिल्या रांगेतला, नुकतीच चाळिशी लागलेल्यांना देतात तो, पातळ काचेचा. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "तुमची सुटका झाली. चाचा म्हणाले, तुम्ही अजून पहिल्या इयत्तेत आहात." हे एवढंसं हसले.

हात लांब करून त्यांनी माशीकडे बघितलं आणि हसू थांबलं.

"अगं," ते म्हणाले. मग, "तिच्या डाव्या अंगाला एक ओरखडा हाय. पूर्वी दिसायचा. म्या इसरलोच हुतो." कितीतरी वेळ हे त्या ओरखड्याकडे बघत उभे राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात खाली घ्यायला तयार नव्हते.

पण सुख एवढं सरळ मिळालं तर तो संसार कसला? गोठ्याच्या भिंतीवर पंचवीस पावलांवर मी एक शेणी लावून तिच्यावर कोळशानं गोल काढला होता. हे तिकडं नेम धरायला गेले आणि हात खाली आला. माशी लख्ख दिसत होती. गोल धुक्यात गेला होता.

"माशी दिसंल तर चांद जातोय. चांद दिसंल तर माशी. आता ह्ये कसं जुळायचं?"

"चाचा म्हणाले, एकच निवडायचं."

"मग चांद निवडायचा. ज्याला मारायचं त्येच दिसलं न्हाई तर मारू कुनाला?" त्यांनी चष्मा काढून ठेवला.

मी पिस्तूल कधी चालवलेलं नाही. चार दिवस तो चष्मा कोनाड्यात पडून राहिला, आणि ते चार दिवस माझी चिडचिड अशी होती की शेजारीण विरजणही मागायला आली नाही. पाचव्या दिवशी हे अंगणात दोन नव्या शिपायांना शिकवत होते. भाकऱ्या थापता थापता माझ्या कानावर पडत होतं. हे तेच म्हणत होते जे वीस वर्षं प्रत्येकाला सांगत आले होते: "चांद हिकडं-तिकडं बोटभर दिसला तर गोळी बोटभर चुकंल. पर माशी केसभर हलली, तर तिकडं गोळी वीतभर जाती. ध्यानात ठेवा."

पिठाच्या हातानंच मी दारात गेले. शिपाई गेल्यावर म्हटलं, "आत्ता काय सांगत होता?"

"काय?"

"बोटभर आणि केसभर. मग धुक्यात काय असलेलं परवडतं, माशी का चांद?"

ह्यांनी कोनाड्याकडे बघितलं.

"आणि चांद धुरकट असला म्हणून काय झालं?" मी म्हटलं. "ढगाआड चांदोबा असतो, कड दिसत नाही, पण मध्य कुठं आहे ते तान्ह्या पोरालाही कळतं."

वीस वर्षं दुसऱ्यांना दिलेला धडा स्वतःच्या पायाशी येऊन पडला, तसे हे ओशाळले. मग कोनाड्यातला चष्मा काढला. त्या दिवसापासून रोज पहाटे आणि दिवे लागायच्या आधी हे अंगणात उभे राहत. पिस्तूल रिकामं, नळीवर चिंचोका ठेवलेला. चाप ओढला तरी चिंचोका पडता कामा नये. चिंचोका पहिल्या दिवसापासून पडत नव्हता. हाताचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो धुरकट गोलावर विश्वास ठेवायचा. नेमाच्या शेवटच्या क्षणी ह्यांचा डोळा सवयीनं पुढं पळे, गोलाकडे. मला बाजूनं ते दिसे, बुबुळ किंचित हले. मी म्हणायची, "पळाला." आणि हे पुन्हा हात उचलायचे. किती वेळा, ते मी मोजलं नाही.

अष्टमीला आभाळ भरून आलं होतं. मी धुण्याचं गाठोडं घेऊन नदीवर गेले. त्यात धुवायचं असं एकच पातळ होतं, बाकी जुनी गोधडी कोंबली होती. माझी लांबची नजर शाबूत होती. पल्याड साहेब, शिपाई, नाईक, आणि बघायला आलेलं निम्मं भोर. खड्ड्यात बसलेला एक शिपाई गोळी लागली की पांढरं निशाण दाखवे, चुकली की लाल.

हे पुढं आले, पागोट्याच्या पदरातून चष्मा काढला आणि नाकावर चढवला. हसण्याचा आवाज पाण्यावरून माझ्यापर्यंत आला. एकटा नाईक हसला नाही, हे मी त्या पोराच्या बाजूनं आजही सांगते.

पहिली गोळी. लाल निशाण.

पळाला, असं मी इकडून मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या बाईला वाटलं, मासा पळाला.

दुसरी पांढरी. तिसरी पुन्हा लाल. आता हसण्याचा आवाजही थांबला. माणूस पडायला लागला की लोक हसत नाहीत. आता उरलेल्या तिन्ही लागायलाच हव्या होत्या. ह्यांनी पिस्तूल खाली केलं, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं सावकाश पुसला, पुन्हा घातला. मग डावा हात पाठीशी गेला आणि उजवा वर आला. आणि मी जे लग्नाच्या वर्षी बघितलं होतं ते पुन्हा बघितलं. माणूस थांबला. नुसतं अंग नव्हे. ह्यांच्या आत जे काही पुढं पुढं पळत होतं, लागेल का, चुकेल का, लोक काय म्हणतील, ते सगळं त्या हाताच्या टोकाशी येऊन थांबलं. नदीपलीकडून मला ते कसं दिसलं, असं कुणी विचारेल. मला दिसलं.

पांढरं. पांढरं.

शेवटच्या गोळीला इतका वेळ लागला की मी पाण्यात गुडघ्यापर्यंत गेलेली होते आणि मला ते माहीत नव्हतं. आवाज डोंगरावर आपटून परत आला. खड्ड्यातला शिपाई उठला, वाकून कागदाकडे बघितलं, आणि पांढरं निशाण वर केलं.

पुढचं नाईकानं संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. साहेबांनी चष्मा मागून घेतला, स्वतःच्या डोळ्यांना लावला, कागदावरच्या चांदाकडे बघितलं आणि म्हणाले, "जमादार, यातून तर चांद नीट दिसतच नाही! तुम्ही न बघता मारलंत?"

हे म्हणाले, "माशी बघितली, सायेब. चांद हाय तितंच असतो."

खंडेनवमीला ह्यांनी आपल्या हातानं पिस्तूल पूजेत मांडलं आणि आपल्याच हातानं उचललं.

दसऱ्याला हे सीमोल्लंघन करून, आपट्याचं सोनं घेऊन दारात आले. मी औक्षणाचं ताट घेऊन पुढं झाले. ह्यांच्या नाकावर तो चष्मा तसाच होता. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं, मिरवायचंच होतं. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि ताट ओवाळायला पाऊलभर मागं सरले. माझं तोंड आणि हे, मध्ये हातभराचं अंतर. हे एकाएकी माझ्याकडे बघायला लागले. असं बघायला लागले की मी ओवाळायची थांबले.

"तुज्या भुवईखाली ह्यो डाग कसला?"

ज्वारीच्या दाण्याएवढा भाजल्याचा वण होता तो. दिवाळीच्या कडबोळ्या तळताना तेल उडालं होतं; डोळा थोडक्यात वाचला.

"जुना आहे," मी म्हटलं.

"कवाचा?"

"पाच वर्षं झाली."

त्या वेळी मी रडत ह्यांच्यापुढं जाऊन तोंड वर करून दाखवलं होतं. ह्यांनी वाकून बघितलं होतं आणि म्हणाले होते, "कुठं काय? काय बी न्हाई." मी पदर ओढून आत गेले. तेव्हापासून पाच वर्षं मी ह्यांचं सगळं केलं, हसले, भांडले, दोऱ्यानं डोळा मोजला, पण त्या एका वाक्याबद्दल ह्यांना मनातून माफ केलं नव्हतं. बायकोचं तोंड भाजलं तरी ज्याला काही वाटत नाही असा हा माणूस, असं मी आत कुठंतरी लिहून ठेवलं होतं. आणि ह्यांना तो वण दिसलाच नव्हता. पाच वर्षं ह्यांना माझं तोंडच दिसलं नव्हतं.

"तवा मला दावला हुतास का?" ह्यांनी विचारलं.

मी मान हलवून हो म्हटलं.

ह्यांनी उजवा हात सरळ पुढं केला आणि एक बोट त्या वणावर ठेवलं. तो हात मी वीस वर्षं बघत होते. त्या दिवशी तो कापत होता.